बंद पडलेलं दीपगृह कुणी वाचवलं?

न्यूयॉर्क शहरात, हडसन नदीच्या काठच्या फोर्ट वॉशिंग्टन पार्कमध्ये एक लाल दीपगृह उभं आहे. उंची चाळीस फूट. आपल्याकडच्या बऱ्याच मशिदींचे मिनार याहून उंच भरतील. त्याच्या जवळजवळ डोक्यावरून जॉर्ज वॉशिंग्टन ब्रिज जातो आणि त्या पुलाचे मनोरे ६०४ फुटांचे आहेत. या दीपगृहाची जहाजांना गरज नाही. ही काही आजची गोष्ट नव्हे, १९४८ सालीच ते सरकारी कागदावर बंद झालं. तरीही ते जागेवर आहे. रंगवलेलं आहे, राखलेलं आहे, मुलांना घेऊन लोक ते बघायला येतात. ज्याचा उपयोग संपला ते टिकलं कसं, हा प्रश्न मी तिथून सोबत घेऊन आले.

मे महिन्याच्या सुट्टीत मी भावाकडे न्यू जर्सीला गेले होते. पुतळा, उंच इमारती, टाइम्स स्क्वेअर हे सगळं रीतसर बघून झालं. दीपगृहाचं नाव मी ऐकलेलंही नव्हतं. आठ वर्षांच्या भाचीचा हट्ट होता, “फुफी, तुला लिटल रेड लाइटहाऊस दाखवायचंय.” तिच्या अब्बांना, म्हणजे माझ्या भावाला, इतकी वर्षं तिथं राहून ते नीट ठाऊक नव्हतं. तिला ते शाळेच्या वाचनालयातल्या एका पुस्तकामुळे माहीत होतं. हा मुद्दा पुढे येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

तिथं पोहोचणंही सोपं नाही. मेट्रोच्या ‘ए’ गाडीनं १८१व्या रस्त्याच्या स्टेशनवर उतरायचं. ते जमिनीत खूप खोल आहे. मग वॉशिंग्टन हाइट्स नावाच्या मोहल्ल्यातून चालत जायचं. दुकानांच्या पाट्या स्पॅनिश, फळांच्या टोपल्या फुटपाथवर, गाणी रस्त्यापर्यंत ऐकू येणारी. डॉमिनिकन लोकांची वस्ती आहे. मला उगाच भेंडीबाजार आठवला. त्यानंतर हायवेवरचा पादचारी पूल, खाली उतरत जाणारी वळणावळणाची पायवाट, वाटेत रेल्वेचे रूळ, आणि मग एकदम नदी.

तिला नदी म्हणतात खरं, पण कोकणातल्या माणसाला ती खाडीच वाटणार. खडकांवर भरतीची ओली रेघ होती, वाऱ्याला खारा वास होता. हडसनमध्ये समुद्राची भरती दीडशे मैल आत, ट्रॉय शहरापर्यंत चढते, हे मला नंतर कळलं. पाणी दिवसातून दोनदा उलटं वाहतं. म्हणजे माझं नाक बरोबर होतं.

दीपगृह जवळून बघितलं की आधी हसू येतं. खाली रुंद, वर निमुळता होत गेलेला बुंधा, बिडाच्या पत्र्याचे तुकडे एकमेकांना बोल्टांनी जोडलेले, वर पांढरी टोपी. दार बंद होतं. पार्कचे रेंजर ठरावीक दिवशीच आत सोडतात. वर पुलावरून गाड्यांचा अखंड घरघराट चालू असतो. तो इतका सतत असतो की थोड्या वेळानं ऐकू येईनासा होतो. भाचीनं दीपगृहाच्या अंगावर हात ठेवला आणि मला सांगितलं, “हे घाबरलं होतं, पण आता ठीक आहे.” घरातल्या कुणाच्या तब्येतीबद्दल बोलावं तसं.

आता त्याची हकीकत. हे दीपगृह मुळात तिथलं नाही. १८८० साली ते न्यू जर्सीच्या सँडी हूकवर, न्यूयॉर्क बंदराच्या तोंडाशी उभारलं गेलं. तिथं १७६४ सालचं मोठं दीपगृह आधीपासून होतं आणि आजही चालू आहे. हे त्याचं धाकटं भावंड. १९१७च्या सुमारास तिथली त्याची गरज संपली. त्याच वेळी हडसनमध्ये जहाजांची ये-जा वाढत होती आणि जेफ्रीज हूक नावाच्या या खडकाळ टोकाजवळ बोटींना धोका होता. तिथं आधी खांबांवर टांगलेल्या लाल कंदिलांवर काम भागवलं जाई. मग सँडी हूकचा बिनकामाचा लोखंडी मनोरा सोडवून इथं आणला आणि १९२१ साली पुन्हा जोडला. लुकलुकणारा लाल दिवा आणि धुक्यासाठी घंटा. म्हणजे ज्याला आज लोक मोठ्या मायेनं मॅनहॅटनचं दीपगृह म्हणतात, ते दुसऱ्या राज्यातून आलेलं, जुनं वापरलेलं, स्थलांतरित आहे. त्याच्याकडे कुणी मूळ रहिवासाचा दाखला मागत नाही. हे वाक्य लिहिताना मी मनातल्या मनात हसले, ते का, हे या ब्लॉगच्या वाचकांना वेगळं सांगायला नको.

इथं येऊन सहा वर्षं होतात न होतात तोच, १९२७ साली, पुलाचं काम सुरू झालं. ऑक्टोबर १९३१मध्ये पूल खुला झाला. मधला झुलता भाग ३५०० फुटांचा. त्याआधीच्या जगातल्या सर्वांत लांब झुलत्या पुलाच्या जवळजवळ दुप्पट. ओथमार अम्मान हे त्याचे मुख्य अभियंता. पुलाच्या दिव्यांनी नदीचा तो भाग एवढा उजळला की चाळीस फुटांच्या मनोऱ्यावरचा दिवा कुणाच्या डोळ्यांत भरेना. १९४८ साली तटरक्षक दलानं तो विझवला. १९५१ साली ठरलं की मोडून लिलाव करून टाकायचा. भंगाराच्या भावानं.

पण मधे एक गोष्ट घडून गेली होती. १९४२ साली हिल्डगार्ड स्विफ्ट या लेखिकेनं लहान मुलांसाठी एक चित्रपुस्तक लिहिलं होतं. चित्रं लिंड वॉर्ड यांची. नाव ‘द लिटल रेड लाइटहाऊस अँड द ग्रेट ग्रे ब्रिज’. गोष्ट साधी आहे. छोट्या दीपगृहाला आपल्या कामाचा मोठा अभिमान असतो. शेजारी अवाढव्य पूल उभा राहतो, त्याच्यावर झगझगीत दिवा लागतो आणि दीपगृहाला वाटतं, संपलं आपलं. मग एका वादळी, धुक्याच्या रात्री दीपगृहात दिवा लागत नाही आणि एक बोट खडकावर आदळते. पूल त्याला समजावतो की माझा दिवा वरच्या विमानांसाठी आहे, पाण्यावरच्यांना तूच हवास. दिवा पुन्हा लागतो.

लिलावाची बातमी आली तेव्हा हे पुस्तक वाचून, ऐकून वाढलेली मुलं हजारो घरांत होती. मुलांनी पत्रं लिहिली. मोठ्यांनीही लिहिली, वर्तमानपत्रांनी विषय उचलला. जुलै १९५१मध्ये तटरक्षक दलानं दीपगृह न्यूयॉर्क शहराच्या उद्यान विभागाला देऊन टाकलं. १९७९ साली ते ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत गेलं, १९९१ साली शहराच्या वारसा यादीत आणि २००२ साली त्यात पुन्हा दिवा लावला गेला.

आता माझं म्हणणं. पुस्तकातली गोष्ट गोड आहे, पण तिचा शेवट खरा ठरला नाही. गोष्ट म्हणते, छोट्या दिव्याची गरज कधी संपत नाही. प्रत्यक्षात संपली. पुस्तक निघून सहा वर्षांत संपली. कुठलीही बोट खडकावर आदळली नाही, पुलानं ‘धाकट्या, तूच हवास’ असं म्हटलं नाही. दीपगृह गरजेमुळे वाचलेलं नाही. एका पिढीच्या मुलांना ते आपलं वाटत होतं म्हणून वाचलं. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो, कारण मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते आणि गेली वीस वर्षं एकाच प्रश्नाला उत्तर देत आले आहे.

दरवर्षी जूनमध्ये प्रवेशाच्या वेळी पालक येतात. कुणी रिक्षा चालवतो, कुणाचा मासळीचा धंदा, कुणी कुवेतहून सुट्टीवर आलेला असतो. प्रश्न एकच. “मॅडम, उर्दू शिकून फायदा काय?” मराठीच्या बाबतीत हल्ली हाच प्रश्न मराठी घरांतूनही विचारला जातो, त्यामुळे हे आमच्याच नशिबी आलंय असं समजायचं कारण नाही. मग आम्ही शिक्षक उत्तरांची यादी काढतो. शिक्षक भरतीत उर्दू माध्यमाच्या जागा असतात. यूपीएससीला उर्दू साहित्य हा विषय घेता येतो. भाषांतराची कामं मिळतात. मातृभाषेतून शिकलेल्या मुलाचा पाया पक्का होतो. सगळं खरं आहे. पण हे बोलताना आपण त्या दीपगृहाची वकिली पुलाच्या भाषेत करतो आहोत, असं वाटत राहतं. उपयोगाच्या तराजूत घातलं की इंग्रजीच्या पुलापुढे आमचा चाळीस फुटांचा मनोरा हरणारच. आज नाही हरला तर उद्या. पालक काही मूर्ख नाहीत. ते आमची यादी ऐकून घेतात, मान डोलावतात आणि शेजारच्या इंग्रजी शाळेत नाव घालतात.

फायदा सांगायचा नाही असं मी म्हणत नाही. पोटाचा प्रश्न सुटलेल्या माणसानंच फायद्याला नाक मुरडावं, हेही मला मान्य नाही. माझं म्हणणं एवढंच की फायद्यावर उभी केलेली गोष्ट फायदा संपला की पडते, आणि त्या वेळी तिच्यासाठी पत्र लिहायला कुणी नसतं. पत्र लिहिणारी माणसं आधी तयार करावी लागतात. ती वयाच्या सहाव्या, सातव्या, आठव्या वर्षी तयार होतात. नंतर फार थोडी.

मोठेपणा हाही टिकण्याचा आधार नाही. अरबीत ‘मनारा’ म्हणजे उजेडाची जागा. ‘नूर’ ज्या धातूपासून येतो त्याच धातूपासून हा शब्द येतो. आपला मिनार आणि मराठीतला मनोरा दोन्ही तिथलेच. अरब लोक ज्याला मनारा म्हणत ते इस्कंदरियाचं दीपगृह जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक होतं. इब्न बतूता १३२६ साली तिथं गेला तेव्हा त्याची एक बाजू पडली होती. १३४९ साली परत गेला तर आत शिरायलाही जागा उरलेली नव्हती. भूकंपांनी त्याची दैना केली होती. पंधराव्या शतकात सुलतान कायतबे यांनी त्याच जागी किल्ला बांधला आणि मनाऱ्याचे पडलेले दगड त्यात वापरले गेले. भूकंपापुढे कुणाचं काय चालतं, ते सोडून देऊ. पण जगातला सर्वांत नामांकित मनारा दगड होऊन भिंतीत गेला आणि चाळीस फुटांचं बिडाचं दीपगृह आज रंग लावून उभं आहे.

यावर कुणी म्हणेल, त्यांच्याकडे पैसा आहे, त्यांना हे चोचले परवडतात. अर्धं खरं. दीपगृह पार्ककडे आल्यावरही बराच काळ त्याची आबाळ झाली. १९८६ साली मोठी दुरुस्ती करावी लागली, रंग पुढे २००० साली जुन्या छटेचा लावला गेला. पत्रांनी ते वाचलं, पण उभं राहिलं ते किल्ली, रंग आणि दरवर्षीचा खर्च कुणीतरी अंगावर घेतला म्हणून. पत्र लिहिणाऱ्या मुलाला मात्र एका तिकिटाएवढाच खर्च आला होता. श्रीमंती नंतर लागली. आधी लागला तो जिव्हाळा.

आणखी एक गंमत आहे. १९५१ साली उद्यान विभागाचे आयुक्त होते रॉबर्ट मोझेस. न्यूयॉर्कचे रस्ते, पूल, हायवे ज्यांच्या हुकमानं झाले आणि त्या रस्त्यांसाठी ज्यांनी गरिबांच्या वस्त्याच्या वस्त्या उठवल्या, तेच हे गृहस्थ. १९३०च्या दशकात त्यांनीच हडसनच्या काठानं हायवे नेला. त्यामुळेच तर वरच्या मोहल्ल्यातल्या माणसाला नदीवर यायला आज पादचारी पूल चढावा लागतो. लोकांना नदीपासून तोडणाऱ्या माणसाच्याच खात्यानं मुलांच्या दीपगृहाला आसरा दिला. म्हणजे सत्तेवर भला माणूस येईल आणि मग आपल्या गोष्टी वाचतील, अशी वाट बघण्यात अर्थ नाही. मागणी पुरेशी मोठ्या आवाजात आली की नको तो माणूसही ऐकतो.

आता आपल्या किनाऱ्याकडे येते. माझे नाना जहाजावर होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुस्लिम मोहल्ल्यांत हे काही विशेष सांगण्यासारखं नाही. घरटी एक माणूस बोटीवर, अशी गावंच्या गावं होती. सारंग, टिंडल, सुकाणी हे शब्द आमच्या घरात हुद्दे म्हणून येत, आडनावांसारखे मिरवले जात. खलाशाच्या नोकरीच्या पुस्तकाला ‘नल्ली’ म्हणत आणि ती कुराणाच्या खालच्या फळीवर, कापडात गुंडाळून ठेवलेली असे. दीपगृहाला घरात कुणी दीपगृह म्हणत नसे. बत्ती म्हणायचे. नाना सांगायचे, प्रत्येक बत्तीची चाल वेगळी. किती सेकंदांनी, किती वेळा लुकलुकते ते मोजायचं म्हणजे अंधारात कळतं की आपण कुठल्या किनाऱ्यावर आहोत. बोटीवरून येताना खांदेरीची बत्ती दिसली की मुंबई आली म्हणून कपड्यांची पेटी बांधायला घ्यायची. खांदेरीचं दीपगृह १८६७चं, कुलाब्याच्या टोकाचं प्राँग्ज १८७५चं. दोन्ही हडसनच्या त्या लाल दीपगृहापेक्षा वडील.

ही दोन्ही शाबूत आहेत. सरकारनंही अलीकडे लक्ष घातलं आहे. २०२१च्या नव्या कायद्यात वारसा दीपगृह अशी तरतूद आहे, २०२४ साली देशातल्या ७५ दीपगृहांवर पर्यटकांसाठी केलेल्या सोयींचं लोकार्पण झालं. चांगलंच आहे. पण तिकीट काढून वर जाणारा, फोटो काढून खाली येणारा माणूस वेगळा आणि दाराला हात लावून ‘हे घाबरलं होतं’ म्हणणारी पोर वेगळी. पहिल्याची सोय सरकार करू शकतं. दुसरी पुस्तकातूनच येते.

आणि पुस्तकात आम्ही कुठे आहोत? बालभारती उर्दूतही पाठ्यपुस्तकं काढते, त्यांत मेहनत असते, हे रोज ती पुस्तकं हातात धरणारी बाई म्हणून मी सांगू शकते. उर्दूत मुलांसाठी लिहिण्याची परंपरा तर जुनी आणि दांडगी. इस्माईल मेरठी झाले. इक्बालांनी मुलांसाठी लिहिलं. त्यांच्या ‘हमदर्दी’ कवितेत अंधारात अडकलेल्या बुलबुलला वाट दाखवायला एक काजवा पुढे येतो. हेही छोटं दीपगृहच म्हणायचं. दिल्लीचं ‘खिलौना’ आमच्या पिढीनं झडप घालून वाचलं, मुंबईच्या ‘गुल बूटे’नं पुढच्या पिढीला वाचायला दिलं. मराठीत ‘किशोर’ १९७१पासून आहे. पण यातलं माझ्या विद्यार्थ्याच्या खाडीत, त्याच्या तरीवर, त्याच्या बंदरात घडलेलं किती? उर्दू गोष्टीतला मुलगा लखनौ-दिल्लीच्या गल्लीत राहतो. त्याला थंडीत शेकोटी लागते, लिहाफ लागतो. मराठी गोष्टीतल्या मुलाचं नाव क्वचितच माझ्या वर्गातल्या मुलांसारखं असतं, आणि असलंच तर ते गोष्टीत फक्त ईदच्या दिवशी, शिरखुर्म्याचा वाडगा घेऊन येतं. मग मुलाच्या मनात एक समजूत हळूहळू घट्ट होते. पुस्तकात येतात ती गावं दुसऱ्यांची. आपलं गाव राहायला आहे, वाचायला नाही. जे वाचायला नाही ते मोडायला निघालं तर त्याला धक्का बसणार कसा?

आमच्या खाडीच्या तोंडाशी, धक्क्याच्या टोकाला एक लोखंडी खांब होता. तरीवाले संध्याकाळी त्याला कंदील लावत. पलीकडे पूल झाला, तर बंद पडली, कंदील गेला. पुढे खांबही कापून भंगारात गेला. धक्क्यावर माणसं उभी होती, बघत होती. मीही तिथं शेजारच्या बायकांबरोबर होते. कुणी रडलं नाही, कुणी ओरडलं नाही. दोन माणसांनी लोखंडाच्या भावाची चर्चा केली. त्या खांबाला नाव नव्हतं, गोष्ट नव्हती. त्यानं कुठल्या मुलाच्या पुस्तकाचं एक पानही अडवलेलं नव्हतं.

पुस्तकानं जागा वाचते याचं उदाहरण शोधायला अमेरिकेत जायचीही गरज नाही. दापोली तालुक्यातलं पालगड. ‘श्यामची आई’ १९३५ साली आली. आज साने गुरुजींचं घर बघायला लोक पालगडला जातात. कोकणात तशी कौलारू घरं शेकड्यांनी पडली, पडताहेत. हे राखलं गेलं, कारण महाराष्ट्रातल्या लाखो मुलांच्या मनात त्या घराचं अंगण आधीच तयार होतं. आमच्या बाजूनं बोलायचं तर हमीद दलवाईंच्या ‘इंधन’मध्ये कोकणातला मुस्लिम मोहल्ला आहे. दलवाईंशी मतभेद असोत नसोत, तो मोहल्ला मराठीत आला तो त्या कादंबरीमुळे, हे मान्य करावं लागतं. पण ती मोठ्यांची कादंबरी. मुलांसाठी कोण लिहिणार? पुण्या-मुंबईतल्या लेखकांनी आमच्याबद्दल का लिहिलं नाही, ही तक्रार मी खूप ऐकली आहे, केलीही आहे. ती रास्तच आहे. पण स्विफ्टबाई जशी एका लोखंडी मनाऱ्यावर लिहायला बसली, तसं नल्लीवर, सारंगावर, खांदेरीच्या बत्तीवर लिहायला आपल्यापैकी कुणी का बसू नये? आपल्याकडे उर्दू येणारे आहेत, मराठी येणारे आहेत, दोन्ही येणारे तर आहेतच. चित्रं काढणारी पोरं मोबाइलवर काय काय काढत असतात. छापायला फार लागत नाही. सोळा पानं पुरतात.

आणि घाई आहे. बोटीवरची शेवटची पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. त्यांच्याबरोबर शब्दही जाणार. कसाब म्हणजे भांडारावरचा माणूस, हे आज माझ्या वर्गातल्या एकाही मुलाला माहीत नाही, आणि त्यांतल्या निम्म्यांचे पणजोबा बोटीवर होते. ज्यांच्या घरी अजून नल्ली आहे त्यांनी ती रद्दीत देऊ नये. तिच्यातली बंदरांची नावं मुलांकडून मोठ्यानं वाचून घ्यावीत. लंडन, मोम्बासा, एडन, कुणाच्या नशिबी न्यूयॉर्कही.

सुट्टीवरून आल्यावर मी सहावीच्या वर्गाला लाल दीपगृहाची हकीकत सांगितली, पुस्तकातलीही आणि खरीही. मग सांगितलं, आपल्या गावातली एखादी वस्तू घ्या आणि तिची गोष्ट लिहा. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, तुमची मर्जी. बऱ्याच जणांनी मोबाइल टॉवर घेतला. त्यांचंही खरं आहे, आज गावातली सर्वांत उंच वस्तू तीच. एका मुलानं मराठीत त्याच्या दादांच्या तरीची गोष्ट लिहून आणली. इशाच्या नमाजनंतर पलीकडून कुणीतरी हाक मारतं, तर सोडायची वेळ संपलेली असते, दादा कंदील घेऊन पुन्हा पाण्यात उतरतात. दीड पान. ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन-चार चुका होत्या, त्या मी दुरुस्त केल्या. मग विचारलं, “यात धक्क्याचं नाव कुठे आहे?”

तो म्हणाला, “मॅडम, ते तर सगळ्यांना माहीत आहे ना.”

मी वही परत दिली आणि पहिल्याच ओळीत नाव लिहून आणायला सांगितलं.